नवजात बाळाचे झटके: हात थांबला तरी ईईजीवरचे झटके का थांबत नाहीत

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. फेनोबार्बिटोन हे झटक्यांचं औषध दिल्यावर तुमच्या बाळाचा हात उडायचा थांबला, पण ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युत लाटा दाखवणाऱ्या तपासणीत, झटके दिसतच आहेत. एक डॉक्टर थोडं थांबू म्हणतात, दुसरे डोस वाढवू म्हणतात. आमच्या मुलीच्या वेळी अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही. एनआयसीयूबाहेर, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसून जे वाचलं आणि न्यूरॉलॉजिस्टना विचारून विचारून जे समजलं, त्यावर लिहितेय. साखर, कॅल्शियम, संसर्ग हे तपासून झालं असेलच, त्यात शिरत नाही.

मोठ्या माणसाच्या मेंदूत गाबा हे रसायन पेशींना शांत करतं. त्याची दारं उघडली की क्लोराइड पेशीच्या आत जातं आणि पेशी गप्प होते. नवजात बाळाच्या पेशीत क्लोराइड आधीच जास्त साठलेलं असतं, कारण ते आत आणणारं एनकेसीसी१ नावाचं प्रथिन जोरात काम करत असतं आणि बाहेर टाकणारं केसीसी२ हे प्रथिन अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. मग तीच दारं उघडली की क्लोराइड बाहेर पडतं आणि पेशी उलट चेतवली जाऊ शकते. हा आजार नव्हे. वाढत्या मेंदूची जोडणी व्हायला या चेतवण्याची मदत होते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण झटके सुरू झाले की हेच अंगावर येतं, आणि लांबलेल्या झटक्यात पेशींमध्ये क्लोराइड आणखी साठतं. म्हणून उगाच वेळ घालवू नये, हे माझं ठाम मत.

आता तुमच्या प्रश्नाकडे. फेनोबार्बिटोन गाबाचाच जोर वाढवतं. केसीसी२ मेंदूच्या खालच्या भागांत आधी येतं, कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरात, उशिरा. त्यामुळे खालचा भाग शांत होऊन हात थांबतो आणि वर झटका चालूच राहतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. आमच्या मुलीची मूठ सैल, चेहरा शांत झोपलेला, आणि पडद्यावर एकाच बाजूच्या रेघांमध्ये टोकदार लाटा एकामागून एक चढत होत्या. ते मी स्वतः पाहिलंय, म्हणून सांगते: नुसतं बाळाकडे बघून झटके थांबले असं कुणी म्हटलं तर मान्य करू नका.

यावरून फेनोबार्बिटोन निकामी आहे असं कुणी सांगेल, तेही ऐकू नका. दारं उघडी राहिली की पेशीला चेतवणारे बाकीचे संदेशही थोडे गळून जातात, त्यामुळे गाबाचा आवर पूर्ण सुटत नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निओलेव्ह२ चाचणीत फेनोबार्बिटोनने 80 टक्के बाळं 24 तास झटक्यांविना राहिली, लेव्हेटिरासिटाम या झटक्यांच्या दुसऱ्या औषधाने 28 टक्के. आणि कुणी ब्युमेटानाइड हे औषध सुचवलं तर सावध राहा. ते एनकेसीसी१ अडवतं, कागदावर सुरेख वाटतं. पण त्याची युरोपातली निमो चाचणी मध्येच थांबवावी लागली. वाचलेल्या 11 बाळांपैकी 3 जणांना ऐकू येण्यात दोष आढळला.

आम्हाला सगळ्यात महाग पडला तो पहिल्या हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग. बाळाला दुसरीकडे हलवताना त्यांनी एका ओळीचा रिपोर्ट दिला: "औषधानंतर झटके थांबले." पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं तर अर्ज करा, सही आणा, उद्या या. फाइल आहे, पण देता येत नाही, असंही ऐकवलं. नव्या डॉक्टरांना डोस कधी दिला आणि त्यानंतर लाटांचं काय झालं तेच हवं होतं, आणि तेच नव्हतं. त्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं. ते तास आमच्या बाळाचे होते! अजूनही आठवलं की जीव तळमळतो.

म्हणून बाळाला हलवायची वेळ आली तर ईईजीची मूळ फाइल, व्हिडिओसकट, पेनड्राइव्हवर हातात घेतल्याशिवाय निघू नका. प्रत्येक डोसची वेळ तुम्हीही वहीत लिहा. थरथर दिसली तर तो हात अलगद धरून बघा: साधी थरथर सहसा धरल्यावर थांबते, झटका थांबत नाही. मोबाइलवर चित्रण करताना डोळे आणि ओठही येऊ द्या, कारण नुसतं चोखल्यासारखं करणं किंवा नजर एका बाजूला खेचली जाणं हाही झटका असू शकतो.

झटके औषधांना दादच देत नसतील तर पायरीडॉक्सिनचा, म्हणजे बी६चा विचार झालाय का, हे विचारा. गाबा तयार व्हायलाच बी६ लागतं, आणि काही मोजक्या बाळांचे झटके त्यानेच थांबतात. मात्र ते मॉनिटर लावून डॉक्टरांनीच द्यायचं, आपल्या मनाने अजिबात नाही.

आज राउंडला दोन्ही डॉक्टरांना एकत्र थांबवून एवढंच विचारा: सलग ईईजी किती वेळ ठेवणार, आणि पुढचा डोस ठरवताना त्याकडे बघणार की बाळाच्या हाताकडे? काय म्हणाले ते इथे कळवा, मी रात्री बघते.