मुलीच्या बॅटरीवरच्या जीपचे दिवे लागतात, गाणी वाजतात, पण गाडी जागची हलत नाही. सर्किट बदलावं का?

सर्किटचे पैसे आत्ताच देऊ नका. तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टींवर माझी नजर अडकली. पेडल दाबलं की खालून नुसतं ‘टक’ होतं, आणि पूर्वी रात्रभर चालणारं चार्जिंग आता तासाभरात संपून हिरवा दिवा लागतो. या दोन्हींवरून माझा पहिला संशय बॅटरीवर आहे. दुकानदाराने मीटर लावला, 12.6 व्होल्ट दिसले, म्हणून तो बॅटरी चांगली आणि सर्किट गेलं म्हणतोय. त्यात लबाडीच असेल असं नाही, पण मोजमाप अर्धवट आहे.

माझं काम यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं. सुट्ट्या लागल्या की माळ्यावरून उतरवलेल्या अशा जीपा आणि बाइका दुकानात यायला लागतात. बहुतेकींत असते ती सीलबंद लेड ॲसिड बॅटरी, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तीच जात. ही बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो. मग ती काही काम नसताना 12.6 चा आव आणते आणि खरं काम सांगितलं की सात-आठ व्होल्टवर कोसळते. दिवे आणि गाण्यांना अर्धा अँपियरही लागत नाही, ते चालतात. मूल बसलेलं असताना दोन मोटरी मिळून आठ-दहा अँपियर सहज ओढतात. तेवढा करंट मागितला की व्होल्टेज पडतं, सर्किटमधला रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) सुटतो, आणि तुम्हाला ‘टक’ ऐकू येतं. हिरव्या दिव्याचंही तसंच. तो बॅटरी भरली म्हणून लागत नाही, तिने करंट घेणं थांबवलं म्हणून लागतो. थर धरलेली बॅटरी मुळात करंट घेतच नाही.

खात्री करायला मीटरही लागत नाही. अंधार पडल्यावर जीपचे दिवे लावा, मुलीला बसवा आणि पेडल दाबताना दिव्यांकडे बघा. दिवे मिणमिणले किंवा गाणं अडखळलं, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत आहे. मग मागची चाकं अधांतरी राहतील अशी गाडी विटांवर टेकवून पुन्हा पेडल दाबा. हवेत चाकं फिरतात आणि जमिनीवर गाडी हलत नाही, म्हणजे मोटरी आणि सर्किट चालू आहेत, कमी पडतेय ती बॅटरी.

मीटर असेल तर दुचाकीच्या ब्रेकलाइटचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब थेट बॅटरीला लावा आणि तो पेटलेला असतानाच व्होल्ट मोजा. हा बल्ब पावणेदोन अँपियर घेतो. पूर्ण चार्ज केलेली धडधाकट बॅटरी दहा मिनिटांनंतरही 12 च्या आसपास असते. गेलेली बॅटरी बघता बघता 11 च्या खाली येते.

बॅटरीला दोषी ठरवण्याआधी सीट काढून तिच्या दोन्ही थिंबल (वायरच्या टोकाच्या धातूच्या क्लिपा) हलवून बघा. ढिली थिंबल किंवा पांढरी-हिरवी भुकटी हुबेहूब हीच लक्षणं दाखवते, आणि तिला सँडपेपरचा तुकडा पुरतो.

नवी घ्यायची वेळ आली तर खेळण्यांच्या दुकानात जाऊ नका, कॉम्प्युटर किंवा इन्व्हर्टरवाल्याकडे जुनी बॅटरी घेऊन जा. 12 व्होल्ट 7 अँपियर-अवर लिहिलं असेल तर यूपीएसचीच बॅटरी बसते, साधारण 151 मिमी लांब आणि 65 मिमी रुंद. लहान गाड्यांतली 6 व्होल्ट 4.5 वाली इमर्जन्सी लाइटमध्ये आणि कितीतरी इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांत असते. आत 6 च्या दोन जोडलेल्या असतील तर दोन्ही एकदम बदला, नाहीतर जुनी नवीला घेऊन बुडते.

आता समजा दिवे अजिबात मंदावले नाहीत. मग आधी रिमोट घ्या. बऱ्याच रिमोटवर ‘पी’ अक्षराचं किंवा थांबवायचं बटण असतं. ते एकदा दाबलं गेलं की परत दाबेपर्यंत गाडी हलत नाही, आणि ते मुलांच्या हातून दाबलं जातंच. रिमोटने गाडी पळते पण पेडलने नाही, तर पेडलखालचा छोटा स्विच किंवा त्याची वायर. तिथे माती आणि बिस्किटांचा चुरा हमखास सापडतो. दोन्हींनी नाही, तर मोटरची पिन सोडवून तिला बॅटरीवरून थेट करंट द्या (चाकं वरच ठेवून). मोटर फिरली तर सर्किटवर शंका घ्यायला हरकत नाही. मोटर गरगरते पण चाक फिरत नाही, तर गिअरबॉक्समधले प्लास्टिकचे दाते गेले, आणि तो डबा वेगळा मिळतो. सर्किट घ्यावंच लागलं तर रिमोटसकट जोडी घ्या आणि जुन्याच्या पिनांचा फोटो जुळवूनच घ्या. दिसायला सारखी असून पिना वेगळ्या, असं सर्रास होतं.

कुणी फ्यूज काढून तिथे वायरचा तुकडा घालायला सांगेल, ते करू नका. चाक अडकलं की मोटर कितीतरी पट करंट ओढते आणि वायर तापून जळते, तीही मुलीच्या सीटखाली. ‘24 व्होल्ट लावा, पळेल’ हा सल्लाही तसलाच, महिन्याभरात गिअर खाईल. लिथियम पॅक लावायचा तर त्याचा चार्जर वेगळा, जुना चार्जर त्याला चालत नाही.

नवी बॅटरी आल्यावर पावसाळ्यात गाडी बंद पडून असली तरी महिन्यातून एकदा चार्ज करा आणि ठेवताना मेन स्विच बंद करा. सोबत आलेला स्वस्त चार्जर मात्र दिवसेंदिवस लावून ठेवू नका, त्यातले अनेक आपणहून थांबत नाहीत. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि ॲसिड आहे. नवी घेताना दुकानदार ती वजनावर परत घेतो आणि बिलातून थोडे पैसे कमी करतो. तो आपणहून बोलला नाही तर तुम्ही विचारा.