शांघायला आईबाबांना घेऊन जाताय? आधी ओटीपीचं बघा

'आईबाबांबरोबर पाच दिवस शांघाय, एकदम निवांत, त्यातच बीजिंगही बसेल का' हा तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण दोन वर्षांपूर्वी मीही अगदी हेच विचारत फिरत होतो. बसेल हो, पण मग निवांत नाही राहणार. बुलेट ट्रेननेही एका बाजूचे साडेचार तास धरा, वर स्टेशनवरची तपासणी. बीजिंग काढून टाका.

व्हिसा, तिकिटं, हॉटेल तुम्ही बघितलंच असणार. फक्त ते ट्रान्झिटमध्ये (म्हणजे तिसऱ्या देशात जाताना वाटेत थांबलं तर) दहा दिवस बिनव्हिसाचं जे यूट्यूबवर दाखवतात ते भारतीय पासपोर्टला नाही, एवढं लक्षात असू द्या.

आमचं घोडं अडलं ते पैशांपाशी. तिथे भाजीवालीपासून सगळे क्यूआरवर, आपल्यासारखेच, पण आपलं यूपीआय नाही, अलिपे नाहीतर वीचॅट हे तिथलं अ‍ॅप घेऊन त्यात आपलं व्हिसा-मास्टरकार्ड जोडायचं. म्हटलं उतरल्यावर करू, पाच मिनिटांचं तर काम. कार्ड टाकलं, बँकेने ओटीपी पाठवला, तो भारतातल्या नंबरवर, आणि ते सिम पुण्याच्या घरी ड्रॉवरमध्ये! रोमिंग महाग म्हणून ईसिम (कार्ड न घालता फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम) घेतलेलं ना, शहाणपणा सगळा. तिथे सकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे पाच, भावाला उठवलं, त्याने सिम स्वतःच्या फोनमध्ये घालून ओटीपी वाचून दाखवला, तर व्यवहार नामंजूर, कारण कार्डावर इंटरनॅशनल चालूच केलेलं नव्हतं. ते बँकेच्या अ‍ॅपमधून करायचं, आणि अ‍ॅप म्हणतं या फोनमध्ये तुमचं सिम नाही. कस्टमर केअरला पाऊण तास गाणं ऐकल्यावर बाई म्हणाल्या, 'होम ब्रँचला लेखी अर्ज द्या सर.' मॅडम, मी शांघायमध्ये उभा आहे! बरं, तो चौथा शनिवार, म्हणजे ब्रँच थेट सोमवारी. बँकेचं नाव लिहीत नाही, पण अजून आठवलं की डोकं फिरतं.

तोपर्यंत सगळा कारभार नोटांवर. रोख घेतात, नाही म्हणत नाहीत, पण सुट्टे कुणाकडेच नसतात. सकाळी गाडीवर ज्येनबिंग घेतलं (आपल्या धिरड्यासारखं, वर अंडं फोडतात), झाले आठ युआन, मी काढली शंभराची नोट. गाडीवाली नुसती हात हलवतेय, मागे रांग वाढतेय, शेवटी मागच्या कॉलेजच्या मुलीने स्वतःच्या फोनवरून स्कॅन करून टाकलं आणि पैसे घेईचना. बाबांनी खिशातली लोणावळ्याची चिक्की तिच्या हातात कोंबली तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

तर निघायच्या दोन आठवडे आधी घरी बसून दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जोडा, इंटरनॅशनल चालू करा, आणि भारतातलं सिम फोनमध्येच राहू द्या, एसएमएस येण्यापुरतं रोमिंग ठेवून. दहा-वीसच्या थोड्या नोटाही ठेवा. माझ्या वेळी दोनशे युआनच्या आतल्या पेमेंटला जादा चार्ज नव्हता, पण मी काही एजंट नाही, आताचं एकदा तपासा.

व्हॉट्सअ‍ॅप, गुगल हॉटेलच्या वायफायवर चालत नाही, बाहेरच्या देशाच्या ईसिमवर चाललं. तेवढा माझा शहाणपणा कामी आला.

फिरायचं म्हणाल तर दिवसाला एकच भाग. माझं मत, उंच टॉवरच्या तिकिटाला पैसे घालण्यापेक्षा संध्याकाळी बंड या नदीकाठच्या रस्त्याच्या बाजूने साधी फेरीबोट पकडा, दोन युआनमध्ये ह्वांगपू नदी पार आणि दोन्ही काठांचे दिवे फुकट. वुकांग रोडला झाडांची सावली आहे, आईबाबा रमतात. मॅग्लेव्हचा (विमानतळावरून सुटणारी, चुंबकावर धावणारी ट्रेन) बाबांना हट्ट असेल तर बसवा, २०२१ पासून ताशी ३०० किमीनेच धावते, पण ती लोंगयांग रोड स्टेशनलाच सोडते, पुढे बॅगा ओढत मेट्रो. आणि १ ते ७ ऑक्टोबर अजिबात नको, अख्खा देश सुट्टीवर बाहेर पडलेला असतो.

आई शाकाहारी असेल तर 'वो ची सू' (मी शाकाहारी आहे) फोनवर चिनीत लिहून ठेवा, तरी भाजीत ऑयस्टर सॉस निघतोच. आमच्या आईला शेवटी जेड बुद्ध मंदिरातल्या शाकाहारी नूडल्स सापडल्या, तिथे दोन दिवस दोन्ही वेळा तेच खाल्लं. पाणी मागितलं की गरमच येतं, त्यावर मात्र ती भलतीच खूश.