लिमिटेड सबमिशन: युनिव्हर्सिटी आपलं प्रपोजल पुढे का पाठवत नाही

तुमचा प्रश्न वाचला. मिडवेस्टमधल्या स्टेट युनिव्हर्सिटीत असिस्टंट प्रोफेसर म्हणून दुसरंच वर्ष, मास स्पेक्ट्रोमीटरसाठी (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) एनएसएफच्या, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या, एमआरआयला (मेजर रिसर्च इन्स्ट्रुमेंटेशन, संशोधन-उपकरणांसाठीची ग्रँट) प्रपोजल द्यायचं होतं आणि इंटर्नल राउंडलाच, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या आतल्या निवडीतच, नकार आला, तोही दोन ओळींच्या ईमेलवर. यात राजकारण आहे का आणि एच-वन बीवर असल्यामुळे हे झालं का, असं विचारलंय तुम्ही. कोणती प्रपोजल्स पुढे पाठवायची हे ठरवणाऱ्या आमच्याकडच्या कमिटीवर मी बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिसाचं आधी मनातून काढून टाका. एमआरआयचा पीआय (प्रकल्पाचा मुख्य संशोधक) अमेरिकन नागरिकच हवा अशी अट नाही, आणि कमिटीच्या बैठकीत हा विषय कधी निघालेला मी तरी ऐकला नाही.

मुळात अडचण आकड्यांची आहे. एनएसएफ एका संस्थेकडून एमआरआयची ठराविकच प्रपोजल्स घेते, ट्रॅक १ या गटात (१ लाख ते १४ लाख डॉलरच्या आत) फक्त दोन. यालाच लिमिटेड सबमिशन म्हणतात. आता मोठ्या युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री, फिजिक्स, बायोलॉजी, जिऑलॉजी, इंजिनिअरिंग सगळ्यांनाच उपकरणं हवी असतात, म्हणजे चांगली प्रपोजल्स मागे राहणार हे ठरलेलंच. एनएसएफची करिअर किंवा एनआयएचची (अमेरिकेची आरोग्य-संशोधन संस्था) आर-झिरो-वन यांसारख्या ग्रँटला असली मर्यादा नसते, त्यामुळे नवीन माणसाला हा प्रकार माहीतच नसतो.

आता कमिटीत काय होतं ते सांगतो. पाच-सहा प्रोफेसर, वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे, त्यात मास स्पेक कळणारा एखादा असला तर असला. समोर प्रत्येक अर्जदाराची दोन-तीन पानं आणि बायोस्केच (छोटा बायोडेटा). तुमचं सायन्स चांगलं आहे हे आम्ही बहुतेक वेळा धरूनच चालतो, खरा वेळ जातो तो वेगळ्याच प्रश्नांवर, की हे मशीन नक्की कोण कोण वापरणार, एकाच लॅबचं आहे की पाच-सहा लॅबचं, असंच मशीन कॅम्पसवर आधीच आहे का, ठेवणार कुठे, त्या खोलीची वीज आणि व्हेंटिलेशन पुरेल का, वॉरंटी संपल्यावर सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टचे पैसे आणि टेक्निशियनचा पगार कोण देणार. हे आमचं खुसपट नाही, एनएसएफचे रिव्ह्यूअर हेच विचारतात, मशीन कसं चालवणार आणि सांभाळणार याचा मॅनेजमेंट प्लॅन तर प्रपोजलचाच भाग आहे. आणि खोलीच्या डागडुजीला एमआरआय पैसे देत नाही, तो खर्च डीनच्या खिशातून येतो, म्हणून डीनने आधीच होकार दिलेलं प्रपोजल पुढे सरकतं. पूर्वी तर पीएचडी देणाऱ्या बहुतेक संस्थांना ३० टक्के कॉस्ट शेअरही (खर्चातला स्वतःचा वाटा) घालावा लागायचा, २०२२ च्या चिप्स अँड सायन्स ॲक्टने तो पाच वर्षांसाठी माफ केला, पण "युनिव्हर्सिटी या मशीनमागे उभी राहील का" हा विचार काही गेलेला नाही.

थोडक्यात, सर्वांत हुशार कोण हे आम्ही ठरवत नसतो. बाहेर कोणतं प्रपोजल टिकेल आणि मिळाल्यावर निभावेल एवढंच बघतो. तुमच्या नकारात तुमच्या कामावर शेरा आहे असं कृपा करून समजू नका, मी खूप चांगल्या मुलामुलींना यावरून खचलेलं पाहिलंय.

राजकारणाचं म्हणाल तर ते आहे, पण बहुतेक कमिटीच्या आधी असतं. तरुण प्राध्यापकांसाठीची पॅकर्ड फेलोशिप घ्या, ५० युनिव्हर्सिटींना बोलावणं असतं आणि प्रत्येकीकडून दोनच नावं जातात, पाच वर्षांचे ८,७५,००० डॉलर. इथे चेअरने (विभागप्रमुखाने) तुमचं नाव सुचवलं नाही तर तुमचं काम कमिटीच्या टेबलावर येतच नाही. काही ठिकाणी कॉल (अर्ज मागवणारी सूचना) सगळ्यांना ईमेलने जातो, काही ठिकाणी दोन-तीन चेअर आपसात बोलून मोकळे होतात, आणि मग ज्याचा इथे कोणी गाइड नाही, जो बाहेरून आलाय, लाजेने विचारत नाही, तो कायम मागे राहतो. हे मला मनापासून खटकतं. कॉल सगळ्यांना गेला पाहिजे, निकष आधी छापलेले पाहिजेत आणि नकारासोबत कारण लिहून मिळालं पाहिजे, दोन ओळींचा ईमेल हे उत्तर नव्हे.

म्हणून आधी रिसर्च ऑफिसला लेखी कमेंट्स मागा. वाईट दिसेल ही भीती नको, आमच्याकडे जे मागतात त्यांची नावं उलट चांगल्या अर्थाने लक्षात राहतात. निवडलेल्यांपैकी कोणी माघार घेतली तर कळवा असंही लिहून ठेवा, असं होतं. इंटर्नल डेडलाइनला कोणीच आलं नाही तर बऱ्याच ठिकाणी जागा पहिल्या येणाऱ्याला देतात, इन्फोरेडीवर (अशा इंटर्नल अर्जांसाठीचं ऑनलाइन पोर्टल) किंवा तुमच्याकडे जी लिस्ट असेल तिच्यावर नजर ठेवा. परस्पर सबमिट करायचा विचार मात्र करू नका, शेवटचं बटण युनिव्हर्सिटीच्या अधिकृत प्रतिनिधीच्याच हातात असतं, आणि मर्यादेबाहेरचं प्रपोजल एनएसएफ रिव्ह्यू न करताच परत करू शकते.

पुढच्या वेळी दोन सीनियर लोक को-पीआय (सह-संशोधक) म्हणून घ्या, शक्यतो दुसऱ्या डिपार्टमेंटचे, आणि कोण महिन्याला किती तास मशीन वापरणार याचा तक्ता पहिल्याच पानावर टाका, भाषा अशी ठेवा की जिऑलॉजीवाल्यालाही कळेल. तुमच्या आसपास एनआयएचचे पैसे असलेले तीन-चार जण असतील तर एनआयएचची उपकरणांसाठीची एस-टेन ग्रँटही बघा, तिथे वेगवेगळ्या प्रकारच्या उपकरणांसाठी एका संस्थेकडून कितीही अर्ज चालतात. आणि पॅकर्डला फॅकल्टीची पहिली तीनच वर्षं धरतात, तुमचं दुसरं चालू आहे, तेव्हा चेअरशी या आठवड्यातच बोला.