झोपू द्यायचे की जागे ठेवायचे?

"मॅडम, झोपेतून उठल्यावरच त्याला फिट येते, मग त्याला झोपूच कशाला द्यायचे?" हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला अनेक पालकांनी विचारला आहे, परंतु सोलापुरातील एका आईने तो विचारला, तेव्हा त्यामागे तिची स्वतःची चार महिन्यांची जागरणे होती. ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत.

मुलगा १७ वर्षांचा, बारावीतला. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत मित्रांबरोबर सलग दोन रात्री उशिरापर्यंत फिरल्यानंतर सकाळी तोंड धुताना तो कोसळला आणि त्याचे सर्वांग झटके देऊ लागले. मेंदूविकारतज्ज्ञांनी ईईजी, म्हणजे मेंदूतील विजेचा आलेख, काढून ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे बहुधा किशोरवयात सुरू होणारा अपस्मार, असे निदान केले आणि गोळ्या सुरू केल्या. तेव्हापासून आई रात्री दोनदा-तीनदा त्याला हलवून उठवीत असे, नाव विचारीत असे, पाणी पाजून पुन्हा झोपवीत असे. तरीही सकाळी चहाचा कप त्याच्या हातातून अचानक उडायचा. "असं तर वर्षभर होतंय, आम्ही त्याला धांदरट म्हणून रागवायचो," हे सांगताना तिचे डोळे भरून आले. उठल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत हाताला बसणारे हे हिसके याच आजाराचे लक्षण असतात; मुलाची त्यात काहीच चूक नव्हती.

उठवण्याची कल्पना कोठून आली, असे मी विचारले. उत्तर ऐकून मी थोडा वेळ गप्प राहिले. ईईजीच्या आदल्या रात्री मुलाला कमी झोपू द्यावे, असे तिला सांगण्यात आले होते. त्यावरून या आजारात जागे राहणेच बरे, असा अर्थ तिने लावला होता, कारण त्यामागचे कारण तिला कोणीच समजावले नव्हते. ही जबाबदारी आम्हा उपचार करणाऱ्यांची होती, असे मला मनापासून वाटते.

मी म्हटले, "ताई, मेंदूतला दोष त्या आलेखात स्पष्ट दिसावा, म्हणून त्या रात्रीपुरते जागवायला सांगितले होते. झोप कमी झाली की मेंदूतील विजेचा तोल लवकर ढळतो. म्हणजे रोज रात्री उठवून आपण फिटला वाट मोकळी करून देत होतो." काही प्रकारच्या अपस्मारात फिट प्रामुख्याने झोपेतच येतात, कारण गाढ झोपेत मेंदूच्या पेशी एका लयीत काम करतात आणि त्या लयीत झटका लवकर पसरू शकतो, हे खरे आहे, पण तेथेही झोप तोडणे हा उपाय नाही. कोणी फार घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर मात्र ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण त्यावर उपचार केल्यास फिट कमी होण्यास मदत होऊ शकते.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आम्ही एक साधी नोंद सुरू केली: झोपण्याची व उठण्याची वेळ, गोळी घेतल्याची खूण आणि हिसका आला तर लाल गोल. महिनाभराने आईने ते पान माझ्यासमोर पसरले. लाल गोल पाचच होते. त्यांतले चार रात्री बारानंतर अभ्यास केलेल्या दिवसांनंतरचे आणि एक गोळी चुकलेल्या दिवसाचा. मुलाने ते स्वतः बोटाने मोजले आणि रात्री उशिराऐवजी संध्याकाळी अभ्यास करण्याचे आपणहून ठरवले. गोळ्यांची मात्रा मात्र डॉक्टरांनीच ठरवली. तिला आम्ही हात लावला नाही.

फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवायचे, तोंडात चमचा घालायचा नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही आणि पाच मिनिटांत ती थांबली नाही तर रुग्णालयात न्यायचे, एवढे वडिलांकडूनही दोनदा वदवून घेतले. आईचे अंथरूण आता त्याच्या शेजारीच असते. अलीकडच्या भेटीत ती म्हणाली, "काल मलाच सकाळी सहापर्यंत जाग आली नाही."