प्रमाणपत्रात ५४०, तक्त्यात १३८

प्रश्न : आमच्या दाबपात्रासाठी आलेल्या एस.ए.-५१६ ग्रेड ७० प्लेटच्या चाचणी-प्रमाणपत्रात टेन्साइल स्ट्रेंथ (तुटण्यापूर्वी धातू सोसतो तो कमाल ताण) ५४० मेगापास्कल आहे. एएसएमई या अमेरिकी यंत्र-अभियंता संस्थेच्या संहितेच्या तक्त्यात मात्र अनुज्ञेय ताण (रचनेत धरता येणारा कमाल ताण) अवघा १३८ मेगापास्कल दिला आहे. ५४० ला ३.५ ने भागून १५४ धरले, तर जाडी कमी होईल. असे का करता येत नाही?

उत्तर : कारण तक्त्यातला आकडा आपल्या प्लेटचा नाही. तो त्या विनिर्देशात जेमतेम बसणाऱ्या, म्हणजे किमान ४८५ मेगापास्कल गाठणाऱ्या प्लेटचा आहे. प्रमाणपत्रातला नमुना प्लेटच्या एका टोकाचा असतो. पुढे तीच प्लेट वाकवली जाते, तिचे वेल्डिंग होते, आणि वेल्डिंगनंतरच्या उष्णोपचारात तिची ताकद थोडी उतरूही शकते. शिवाय हे मोजमाप सामान्य तापमानाचे असते. प्रमाणपत्र प्लेट स्वीकारायची की नाकारायची हे सांगते. ते जाडी कमी करण्याचा परवाना नव्हे.

आता आकडा ठरतो कसा ते पाहू. संहितेच्या आठव्या विभागातील पहिल्या भागासाठी, क्रीप (उष्णतेत धातू हळूहळू लांबत जाणे) सुरू होण्याच्या तापमानाखाली, टेन्साइलचा ३.५ वा हिस्सा आणि यील्डचा (ज्या ताणापुढे धातू कायमचा ताणला जातो त्याचा) दोनतृतीयांश हिस्सा काढतात, हेच तापमान वाढल्यावरच्या मूल्यांसाठीही तपासतात आणि सर्वांत लहान उत्तर घेतात. मूळ एककांत हिशेब सुटसुटीत होतो. आपल्या प्लेटचे किमान टेन्साइल ७०,००० पौंड प्रति चौरस इंच असल्याने त्याला ३.५ ने भागून २०,००० मिळतात, तर ३८,००० यील्डचे दोनतृतीयांश २५,३०० च्या घरात जातात. म्हणून येथे टेन्साइलची अट लागू पडते. ३०४ स्टेनलेसचे टेन्साइल ७५,००० असले तरी यील्ड ३०,००० च आहे, त्यामुळे तिथे यील्डची अट आधी आडवी येते आणि उत्तर पुन्हा २०,००० च, म्हणजे १३८ मेगापास्कल. आकडा एकच, पण त्यामागची भीती निराळी : एकीकडे फुटण्याची, दुसरीकडे कायमचे ताणले जाण्याची. जलदाब चाचणीत दाब १.३ पट नेला की ३०४ मधला ताण २६,००० च्या आसपास जातो, तरीही यील्डच्या खाली राहतो.

मात्र ३०४ सारख्या ऑस्टेनिटिक स्टेनलेससाठी वाढत्या तापमानाला यील्डच्या ९० टक्क्यांपर्यंत जाणारी दुसरी, जास्त मूल्यांची ओळही तक्त्यात असते. ती वापरल्यास आकारात थोडा कायमचा बदल होऊ शकतो, म्हणून गॅस्केट (गळती रोखणारी चकती) बसणाऱ्या फ्लँजसाठी, म्हणजे जोडाच्या कडेसाठी, ती वापरू नये, असे तळटीप सांगते. ही तळटीप न वाचता आकडा उचलणारे अभियंते मी पुष्कळ पाहिले आहेत.

आणि ३.५ हा काही निसर्गनियम नाही. तो पूर्वी ५ होता, मग ४ झाला आणि १९९९ मध्ये ३.५ वर आला. आठव्या विभागाच्याच दुसऱ्या भागात २००७ मध्ये तो २.४ वर आला, पण त्याच्या मोबदल्यात विश्लेषण आणि तपासणी अधिक कडक करावी लागते. आपल्याला जाडी खरोखरच कमी करायची असेल, तर तो रस्ता तपासून पाहावा.

प्रश्न : उच्च तापमानाचा अनुज्ञेय ताण १,००,००० तासांवर आधारलेला असतो असे वाचले. म्हणजे सुमारे साडेअकरा वर्षांनी पात्र बाद करायचे का?

उत्तर : नाही. कार्बन पोलादात साधारण ३७० अंश सेल्सिअसच्या पुढे, ताण न वाढवताही धातू हळूहळू लांबत जातो. यालाच क्रीप म्हणतात. तिथे आणखी तीन अटी लागतात : हजार तासांत ०.०१ टक्का क्रीप घडवणारा सरासरी ताण, १,००,००० तासांत तुटण्यास पुरेशा सरासरी ताणाचे सर्वसाधारणपणे ६७ टक्के, आणि त्याच अवधीत तुटण्यास पुरेशा किमान ताणाचे ८० टक्के. यांतले सर्वांत लहान मूल्य घेतात. तुटेल तो ताण पात्राला दिलेलाच नसतो, आणि ताण थोडा घटला तरी तुटण्याचा काळ कितीतरी पटींनी लांबतो. म्हणून १,००,००० तास हे तुलनेचे माप आहे, आयुष्याची मुदत नव्हे. मात्र तापमान ठरल्यापेक्षा वर चढले, तर हाच हिशेब तितक्याच वेगाने उलटा फिरतो. अशा पात्राच्या तापमानाच्या नोंदी जपून ठेवाव्यात.