फेसलिफ्टनंतरही जबड्याखाली कातडी लोंबते आहे?

चेहऱ्याची सैल कातडी ताणून घेण्याच्या या शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आठवड्यातच आरशात पाहून निकाल लावू नका, ताई. या टप्प्यावर जबड्याच्या कडेला दिसणारा फुगवटा बऱ्याचदा सुजेचा असतो. तो हाताला घट्ट लागतो, सकाळी जास्त दिसतो. मऊ, चिमटीत सहज येणारी कातडी मात्र वेगळी गोष्ट. सूज पूर्ण उतरायला ६ महिने ते वर्ष लागू शकतं, आणि ती उतरल्यावर कातडी थोडी सैल पडतेच. म्हणून दर महिन्याला त्याच उजेडात, ताठ बसून, मान सरळ ठेवून फोटो काढा. मान खाली घातली की विशीतल्या मुलीचीही हनुवटी दुहेरी दिसते!

सर्जनला एक गोष्ट नक्की विचारा: फक्त कातडी ताणली, की खालचा स्नायूंवरचा थरही (त्याला स्मास म्हणतात) उचलला? नुसत्या कातडीवरचा ताण लवकर सैलावतो. मानेचा स्नायू, जबड्याखालची लाळग्रंथी किंवा आत दबलेली हनुवटी हे कारण असेल, तर कातडी पुन्हा ओढून उपयोग नाही. शस्त्रक्रियेनंतर बरंच वजन उतरलं असेल तर तेही सांगा.

दुरुस्तीची शस्त्रक्रिया बहुतेक सर्जन ६ ते १२ महिन्यांआधी करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तोवर कातडी घट्ट करणारी यंत्रं, इंजेक्शनं यांच्या नादी स्वतःहून लागू नका. क्रीमने जॉल्स (जबड्याच्या कडेला लोंबणारा भाग) उचलले जात नाहीत. सिगारेट बंद.

एकच बाजू अचानक फुगली, ताप आला किंवा ओठ वाकडा झाला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.