उदारमतवादी आणि परंपरावादी लोकांचं राजकीय प्रश्नांवर एकमत कसं होऊ शकतं?

तुम्ही विचारलंय की दोघांची मूल्यंच वेगळी असतील तर एकमत होणार कुठे. मूल्यांवर होत नाही. पण मूल्यं बाजूला राहून एखाद्या कायद्यावर एकमत होताना मी घरात पाहिलंय, तेही ज्या विषयावरून महाराष्ट्रात रक्त सांडलं त्या विषयावर.

माझे मामा माळकरी. पस्तीसेक वर्षं वारी चुकलेली नाही, कांदा-लसूण वर्ज्य, घरात एकादशी कडक. मी देव मानत नाही, आणि कॉलेजात असताना हे पंगतीत बसून सगळ्यांना ऐकवायची खोड होती मला. 2013 च्या ऑगस्टमध्ये अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ चालवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि चारच दिवसांत सरकारनं जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला. गणपतीला मी गावी गेलो तेव्हा मामा तापलेलेच होते. "तुमचा कायदा उद्या आमच्या दिंडीत पोलीस घालणार," म्हणाले. हे त्यांना एका कीर्तनात कळलं होतं. मी नेहमीप्रमाणे श्रद्धा आणि अंधश्रद्धा यातला फरक समजावायला लागलो, आणि नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत भांडण झालं. फरक ठरवणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. खरं सांगायचं तर त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

दुसऱ्या दिवशी मी अध्यादेशाची प्रिंट त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि गप्प बसलो. शेवटी जोडलेली अनुसूची आहे, बारा नोंदींची. त्यात ‘अंधश्रद्धा म्हणजे काय’ हे कुठेही सांगितलेलं नाही, नुसती कृत्यं लिहिली आहेत. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणं, मारहाण करणं, मिरच्यांची धुरी देणं. गुप्तधनासाठी नरबळी. एखाद्या बाईनं करणी केली म्हणून तिला गावात जगणं मुश्कील करणं. मूल होईल असं सांगून बाईशी संबंध ठेवणं. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करत बसणं.

सापाच्या नोंदीवर मामा थांबले. त्यांचा चुलतभाऊ असाच गेला होता, मांत्रिकाच्या ओट्यावर रात्रभर. हे मला माहीतच नव्हतं. मी इतकी वर्षं त्यांच्याशी भांडत होतो, पण कधी विचारलंच नव्हतं की तुमच्या डोळ्यांदेखत काय काय झालंय.

वाचून झाल्यावर म्हणाले, "आरं, ह्यात वारी कुठाय?" नव्हतीच. मग त्यांची मागणी आली: जे करायचं नाही ते लिहिलंत, तसं जे करायला मोकळीक आहे तेही पांढऱ्यावर काळं करा. मामांचं कोण ऐकणार, पण असं म्हणणारे ते एकटे नव्हते. डिसेंबरमध्ये विधिमंडळानं मंजूर केलेल्या कायद्यात तसं कलम आहे. प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, घरातली-देवळातली उपासना यांना हा कायदा लागू नाही. वास्तुशास्त्र, ज्योतिषी, नंदीबैलवाले, जमिनीतलं पाणी सांगणारे पाणाडी, हेसुद्धा सुटले.

ज्योतिषी सुटले यावर चळवळीतला माझा एक मित्र भयंकर चिडला होता. मीही चिडलो होतो. पण हिशोब करून बघा. ज्योतिषी आत घालण्याच्या हट्टापायी साखळीनं बांधलेल्या बाईचा कायदा आणखी किती वर्षं लटकला असता? आधीच तो लटकलेला होता. 2005 मध्ये विधानसभेत मंजूर होऊन पुढे विधान परिषदेत अडकलेलाच होता. 2014 ला सत्ता बदलली, विरोधात बसलेले पक्ष सरकारात आले, तरी कायदा टिकला. आणि त्याच नव्या सरकारच्या काळात, 2016 मध्ये, जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्धचं विधेयक विधानसभेत एकमतानं मंजूर झालं. तिथेही जात चांगली की वाईट यावर मतदान नव्हतं. कुणाचं पाणी तोडणं, लग्न-मयतीला येऊ न देणं, एवढ्याच गोष्टी होत्या.

म्हणून माझं उत्तर: समोरच्याशी शब्दावर वाद घालू नका, कृत्यांची यादी करा. आणि आपण कशाला हात लावणार नाही, हे त्याच कागदावर लिहून द्या. हे दुसरं करायला आपल्या पुरोगामी लोकांना फार जड जातं, असा माझा अनुभव आहे. लिहून दिलं की आपण काहीतरी विकलं असं वाटतं.

मात्र हेतू एक असला की जमतंच, असं समजू नका. 1891 चा संमतिवयाचा कायदा आठवा. सरकार मुलींचं शरीरसंबंधासाठीचं संमतिवय दहावरून बारा करत होतं. आगरकर कायद्याच्या बाजूनं, टिळक विरोधात, एवढं शाळेत शिकवतात. टिळकांनी त्याआधी काय सुचवलं होतं ते सहसा सांगत नाहीत: मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करू नये, आणि सुधारकांनी आधी हे स्वतःवर बंधन म्हणून घ्यावं. लग्नाचं वय आणि संमतीचं वय एक नव्हे, हे मान्य. पण सोळा हा आकडा सनातन्याच्या तोंडचा वाटत नाही. त्यांचा आक्षेप होता परक्या सरकारनं आपल्या घरात कायदा करण्यावर. आगरकरांचं म्हणणं, समाज आपण होऊन बदलेल म्हणून वाट बघायची तर तोवर त्या मुलींचं काय. मला आगरकर पटतात. पण भांडण वयावर कमी आणि ‘कोण सांगणार’ यावर जास्त होतं, हे ओळखल्यावर पुष्कळ आजची भांडणंही वेगळी दिसायला लागतात. आता समोरच्याला मी एक प्रश्न हमखास विचारतो: हेच तुमच्या माणसांनी आणलं असतं तर चाललं असतं का? "हो" म्हणाला तर बोलण्यात अर्थ आहे. "नाही" म्हणाला तर चहा घेऊन उठतो.

आणि हा प्रश्न स्वतःलाही विचारावा लागतो. तिथे मी दोन-तीनदा सपशेल उघडा पडलोय, तपशील राहू देत.

मामा आता सत्तरी ओलांडून गेलेत, वारीत निम्मा रस्ता टेम्पोनं येतात. सध्या त्यांच्या नातीची पत्रिका तीन ठिकाणी फिरते आहे. मुलगी स्वतः फार्मासिस्ट. "तुमच्या मंगळामुळे चांगलं स्थळ जाईल," म्हणून मी परवा फोनवर बोललो, तर म्हणाले, "कायद्यानं मोकळीक दिलीय, तूच वाचून दाखवलंस की."